ब्रेस्ट लिफ्ट करायचीय, पण आत्ताच? वाचकांचे प्रश्न आणि डॉक्टरांची उत्तरं

मैत्रिणींनो, मागच्या अंकात एका ताईंनी ब्रेस्ट लिफ्ट म्हणजे नेमकं काय करतात असं विचारलं होतं आणि मी थोडक्यात सांगितलं होतं, की ओघळलेल्या स्तनाची जास्तीची कातडी काढायची, आतला भाग वर घेऊन नीट बसवायचा, निपल वरच्या जागी आणायचं, पूर्ण भूल देऊन दोन-तीन तासांचं ऑपरेशन, साइज यात वाढत नाही आणि खुणा कायमच्या राहतात. त्यावर भरपूर पत्रं आली आणि जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच, मी करू का? आज निवडलेल्या बहुतेक पत्रांना माझं उत्तर 'नको' किंवा 'आत्ता नको' असंच आहे, आणि ते मी मुद्दाम स्पष्ट लिहितेय कारण अपेंडिक्स फुटलं तर थांबता येत नाही पण हे ऑपरेशन सहा महिने, वर्ष, पाच वर्षंसुद्धा थांबू शकतं, त्याने काहीही बिघडत नाही. घाईने मात्र बिघडतं.

प्रश्न: मॅडम, माझं वय ४४, कराडजवळच्या गावात राहते. सर्जनकडे फॉर्म भरताना 'स्मोकिंग' समोर मी नाही लिहिलं, आमच्याकडे बायका कुठे सिगारेट ओढतात. पण लग्न झाल्यापासून मिश्री लावते, सकाळी आणि जेवण झाल्यावर. मुलगी म्हणते ते डॉक्टरांना सांग. एवढ्याशा मिश्रीने काय होतंय?

मुलीचं ऐका आणि आजच फोन करून सांगा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे ताई, आणि हिरड्यांमधून निकोटिन रक्तात अगदी सहज जातं, त्याला धूर लागत नाही. आपल्याकडे हा प्रश्न फॉर्मवर चुकीचाच विचारला जातो असं माझं स्पष्ट मत आहे, 'स्मोकिंग करता का' विचारलं की सातारा-सांगलीपासून मराठवाड्यापर्यंतच्या कितीतरी बायका अगदी प्रामाणिकपणे 'नाही' लिहितात आणि डॉक्टर पुढे जातात. विचारायला पाहिजे की मिश्री लावता का, तंबाखू-चुना, गुटखा, तपकीर, काही घेता का.

आता त्याने काय होतं ते नीट समजून घ्या. लिफ्ट करताना निपल आपण पूर्ण सुटं करून दुसरीकडे चिकटवत नाही, ते आतल्या भागाच्या एका पट्ट्याला जोडलेलंच ठेवतो आणि त्या पट्ट्यातून येणाऱ्या बारीक बारीक रक्तवाहिन्यांवर ते जगतं. निकोटिन नेमक्या याच वाहिन्या आवळतं. मग काय होतं, तर टाके उकलतात, विशेषतः स्तनाखाली जिथे टाक्यांची उभी आणि आडवी रेघ मिळते ती जागा उघडते आणि महिना-दीड महिना ड्रेसिंग चालू राहतं, कडेची कातडी काळी पडते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे निपलचा काही भाग किंवा कधी पूर्ण निपल मरतं. गेलेलं निपल परत येत नाही, नंतर टॅटू किंवा कातडी वापरून तसं दिसणारं काहीतरी बनवता येतं पण संवेदना नसते.

म्हणून ऑपरेशनच्या आधी कमीत कमी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे मिश्री पूर्ण बंद, मी तर सहा-सहा सांगते. 'कमी केली' याला अर्थ नाही, बंद म्हणजे बंद. आणि हो, निकोटिनचं च्युइंगगम किंवा पॅच लावून सोडत असाल तर सोडायला ती चांगली मदत आहे पण त्यातही निकोटिनच असतं, त्यामुळे ऑपरेशनची तारीख तेही थांबल्यावरच. काही सर्जन आधी लघवीची कोटिनिन टेस्ट करतात, निकोटिन शरीरात मोडलं की हे तयार होतं आणि काही दिवस सापडतं, त्याचा राग मानू नका. ज्या मुली पत्रात लिहितात की मी फक्त वीकेंडला हुक्का घेते किंवा व्हेप करते (व्हेपवर देशात २०१९ पासून बंदी आहे तरी मिळतंच, तसा गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे आणि टपरीवर मिळतोच), त्यांनाही हेच उत्तर.

पंचवीस वर्षांची सवय आहे, एकटीने सुटायला अवघड जाईल हे मला माहितीय. १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखू सोडवणारी मोफत हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. आणि मिश्री सुटली की तारीख घ्या, ती सुटत नसेल तर हे ऑपरेशन तुमच्यासाठी नाही. तोंडाच्या कॅन्सरसाठी तरी ती सुटायला हवीच ना.

प्रश्न: मी ३१, नाशिक. मुलगी १४ महिन्यांची आहे, मागच्याच महिन्यात तिचं अंगावरचं दूध तोडलं. दाबलं की अजून थेंब येतात. छाती अगदी रिकामी पिशवी झाल्यासारखी वाटते, आरशात बघवत नाही. दोन वर्षांत दुसरं बाळ हवंय, पण तेव्हा दोन मुलांत वेळ मिळणार नाही म्हणून आत्ताच उरकून टाकू का? जाऊबाई म्हणतात एवढं पाजलंस म्हणूनच असं झालं.

आधी जाऊबाईंचं. पाजल्याने छाती ओघळते हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की काही मुली त्या भीतीने लवकर वरचं दूध सुरू करतात आणि मला ते फार लागतं. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या सर्जननी ब्रेस्टच्या ऑपरेशनसाठी आलेल्या बायकांचा अभ्यास करून २००८ मध्ये छापला होता, त्यात ओघळण्याशी संबंध दिसला तो वयाचा, वजनाचा, किती गरोदरपणं झाली त्याचा, मूळच्या साइजचा आणि सिगारेटचा. पाजण्याचा दिसला नाही. म्हणजे जो बदल होतो तो गरोदरपणात स्तन वाढून परत उतरतात त्याने होतो, तुम्ही पाजलंत किंवा नाही पाजलंत तरी. तुम्ही बाळाला वर्षाहून जास्त पाजलंत, उत्तम केलंत, मनात काही ठेवू नका.

आता ऑपरेशन. आत्ता तर नाहीच. दूध तोडल्यावर आतल्या दुधाच्या ग्रंथी हळूहळू आकसतात आणि त्यांच्या जागी परत थोडी चरबी भरते, याला महिने लागतात, त्यामुळे आज जी छाती तुम्हाला दिसतेय ती तुमची शेवटची छाती नाहीये. बऱ्याच जणींना सहा-आठ महिन्यांनी थोडं भरल्यासारखं वाटतं. आज मोजून कातडी कापली आणि नंतर आकार बदलला तर दोन्ही बाजू वेगळ्या दिसायला लागतात. शिवाय दुधाच्या नळ्यांत अजून दूध आहे, तिथे कापलं की दूध आत साठून गाठ होणं, टाक्यातून दूध झिरपणं, इन्फेक्शन, हे सगळं होऊ शकतं. दूध पूर्ण थांबल्यावर कमीत कमी तीन महिने, सहा थांबलात तर जास्त चांगलं. काही महिने दाबल्यावर थेंब येणं नॉर्मल आहे, सारखं दाबून बघू नका, त्यानेच ते चालू राहतं. सहा महिने उलटूनही आपोआप येत असेल तर प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन) आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.

पण तुमच्या बाबतीत दुसरं कारण मोठं आहे, ते म्हणजे दुसरं बाळ. लिफ्टनंतर गरोदर राहणं धोक्याचं नाही, बऱ्याच जणी नंतर पाजूही शकतात, कारण नळ्या बऱ्यापैकी जपल्या जातात, पण याची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही, कुठल्या पद्धतीने केलं त्यावर आहे, काहींना दूध कमी येतं, काहींना निपलची संवेदना कमी होते. आणि स्तन परत वाढणार, परत उतरणार, म्हणजे एवढा खर्च, एवढ्या खुणा आणि त्याच्यावर परत ओघळ. दोन-अडीच वर्षांत बाळ हवं असेल तर माझा सल्ला सरळ आहे, आधी बाळ, मग त्याचं दूध सुटल्यावर सहा महिने, मग या.

आणि एक व्यावहारिक गोष्ट जी क्लिनिकमध्ये कोणी बोलत नाही. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे जड काही उचलायचं नसतं आणि हात डोक्याच्या वर ताणायचे नसतात. १४ महिन्यांची मुलगी नऊ-दहा किलोची असेल, ती 'आई उचल' म्हणणार, तुम्ही उचलणार. कुठली आई महिनाभर थांबेल? मुलं स्वतः पायऱ्या चढायला लागली, स्वतः कॉटवर चढायला लागली की हे ऑपरेशन कितीतरी सोपं जातं. तोपर्यंत नीट मापाची, रुंद पट्ट्यांची ब्रा घ्या, मोजून घ्या, खूप फरक पडतो. क्रीम, तेल, मसाज यावर पैसे घालवू नका, ओघळलेलं त्याने वर येत नाही.

प्रश्न: वय ३८, पिंपरी. आठवड्यातून एकदा घ्यायचं वजन कमी करायचं इंजेक्शन चालू आहे, सात महिन्यांत ९२ वरून ७४ वर आले, अजून उतरतंय. पोट आणि छाती दोन्ही लोंबतायत. डायबेटिस आहे पण आता बरा आहे. दिवाळीच्या आधी लिफ्ट करून घेऊ का?

अठरा किलो, खरंच कौतुक आहे. पण वाक्यातला 'अजून उतरतंय' हा शब्द आला तिथेच तारीख पुढे गेली. वजन एका जागी किमान तीन ते सहा महिने थांबलेलं पाहिजे, दोन-तीन किलो इकडेतिकडे चालतं. स्तनात चरबी भरपूर असते, अजून आठ किलो उतरलात तर लिफ्ट केलेली छाती परत सैल होईल, आणि इंजेक्शन थांबवल्यावर वजन परत चढलं तर टाक्यांच्या खुणा ताणून रुंद होतात. म्हणून तुमच्या फिजिशियनशी आधी हे ठरवा की कुठल्या वजनावर थांबायचंय आणि नंतर इंजेक्शन चालू राहणार की बंद. ज्यांची बॅरिएट्रिक सर्जरी, म्हणजे वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन, झालीय त्यांनी तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायचं, त्याआधी वजन बसत नाही.

भराभर वजन उतरलं की अजून एक अडचण असते जी वरून दिसत नाही. भूक नसते, त्यामुळे प्रोटीन पोटात जात नाही, आणि जखम भरायला प्रोटीनच लागतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) हे तपासून घ्या. आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे हे सरकारच्याच सर्व्हेत आलंय, आणि आपण १० हिमोग्लोबिनवर 'मला काही होत नाही' म्हणत घर चालवतो. आजाराच्या ऑपरेशनला कधीकधी तेवढ्यावर जावं लागतं, या ऑपरेशनला जायची काही गरज नाही, आधी भरून काढा.

'डायबेटिस बरा आहे' म्हणजे काय ते रिपोर्टवर बघा, एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) साधारण ७ ते ७.५ च्या खाली असेल तर पुढे बोलता येतं, त्याच्या वर असेल तर जखम पिकायचा धोका वाढतो. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल न विसरता सांगा, या औषधांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं आणि भुलीत ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. डोस किती दिवस आधी थांबवायचा किंवा काय करायचं ते तेच ठरवतील. दिवाळी विसरा, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वजन कुठे टेकतंय ते बघू.

प्रश्न: माझं वय ५१, ठाणे. आईला आणि मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. मला दोन महिन्यांपासून डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ लागते, दुखत नाही. तशीही मला लिफ्ट करायचीच होती, तर त्याच भुलीत गाठ पण काढून घेतील ना? दोन कामं एकदम.

नाही. ताई, तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी संपादकांना सांगितलं की अंक यायची वाट न बघता यांना फोन करा, आणि तो झालाय, तरी इथे छापतेय कारण असा विचार करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

गाठ दुखत नाही म्हणून साधी असेल असं नसतं. याच आठवड्यात ब्रेस्ट क्लिनिकमध्ये किंवा जनरल सर्जनकडे जा. तीन गोष्टी होतील, हाताने तपासणी, मॅमोग्राफी आणि सोबत सोनोग्राफी, आणि गरज वाटली तर जाड सुईने तुकडा काढून बायोप्सी. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढून टाका, त्या भीतीने लोक महिने घालवतात. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते रिपोर्टने सांगायचं असतं, अंदाजाने नाही.

लिफ्टच्या भुलीत 'जाता जाता' गाठ का काढायची नाही, तर लिफ्टमध्ये आतला भाग हलवून दुसरीकडे बसवतात. समजा गाठ कॅन्सरची निघाली तर ती मुळात कुठे होती, तिच्या कडेला किती भाग काढायचा, हे सगळं गोंधळून जातं आणि पुढची ट्रीटमेंट अवघड होते. कॅन्सर असेल तर त्याचं ऑपरेशन ठरवतानाच स्तनाचा आकार कसा राखायचा याचा विचार प्लास्टिक सर्जनसोबत करता येतो, ते वेगळं आणि चांगलं काम आहे. गाठ साधी निघाली तर लिफ्टबद्दल निवांत बोलता येईल.

आणि आई-मावशी दोघींना होता म्हणताय तर जेनेटिक काउन्सेलिंगबद्दल विचारा, बीआरसीए जीनची (ज्यातल्या दोषाने ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो) टेस्ट तुमच्यासाठी आहे का ते ते सांगतील. तो रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर सगळा प्लॅनच बदलतो, म्हणून लिफ्ट त्याच्या आधी नको.

सगळ्यांसाठीच सांगते, चाळिशीच्या पुढे असाल तर लिफ्टच्या आधी मॅमोग्राफी झालेली पाहिजे, त्याहून तरुण असाल तर निदान सोनोग्राफी, आणि ज्या क्लिनिकमध्ये याबद्दल चकार शब्द काढत नाहीत तिथून उठून या. लिफ्टनंतर आत टाक्यांच्या, कॅल्शियमच्या खुणा होतात आणि त्या मॅमोग्राफीत दिसतात, म्हणून सहा महिने ते वर्षाने एक नवी मॅमोग्राफी करून जुनीसोबत फाइलला ठेवायची आणि पुढे प्रत्येक वेळी रेडिऑलॉजिस्टला ऑपरेशन झाल्याचं सांगायचं. एका ताईंनी विचारलंय की कॅन्सरसाठी शेक घेतलेल्या बाजूची लिफ्ट होते का. रेडिएशन झालेल्या कातडीचा रक्तपुरवठा कायमचा कमी झालेला असतो, जखमा भरत नाहीत, बहुतेक वेळा 'नको' हेच उत्तर असतं. दुसऱ्या बाजूचं काही करून जुळवता येतं का ते विचारा.

प्रश्न: नागपूर, वय ३५. कान टोचले होते तिथे केलॉइड झालं, म्हणजे खूण जखमेच्या कडेबाहेर गाठीसारखी वाढत गेली, सिझेरियनची खूण पण जाड आणि खाजरी आहे. चालेल का?

मी नको म्हणेन. छाती ही केलॉइड होण्याची अगदी आवडती जागा आहे आणि आपल्या सावळ्या कातडीत ते जास्त होतं. लिफ्टची रेघ निपलभोवती, तिथून खाली आणि बऱ्याचदा स्तनाखाली आडवी अशी जाते, एवढ्या लांब रेघेवर केलॉइड आलं तर सतत खाज, दुखणं, ब्रा घालता येत नाही, वर्षानुवर्षं इंजेक्शनं. सिझेरियनची खूण नुसती जाड आहे की खरंच कडेबाहेर वाढलीय हे स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, दोन्हीत फरक आहे. नुसतीच जाड असेल तर सिलिकॉन शीट वगैरेचं ठरवून विचार होऊ शकतो. कानाला खरं केलॉइड आहे म्हणता तर मी पुढे जाणार नाही.

प्रश्न: वय ५६, रत्नागिरी. चार महिन्यांपूर्वी हार्टमध्ये स्टेंट टाकला, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. क्लिनिकमधली मुलगी म्हणाली आठ दिवस गोळ्या बंद करा मग करू.

गोळ्या बंद करू नका. कृपा करून करू नका. नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीव जाऊ शकतो आणि या गोळ्या कधी थांबवायच्या हे फक्त तुमचे हार्टचे डॉक्टर ठरवतात, क्लिनिकमधली मुलगी नाही. चालू ठेवून ऑपरेशन केलं तर रक्त आत साठणार. म्हणजे दोन्ही बाजूंनी नाही. निदान वर्षभर हा विषय बंद, त्यानंतर कार्डिओलॉजिस्टने लेखी दिलं तरच. बाकीच्यांनीही ॲस्पिरिन, फिश ऑइल, लसणाच्या आणि व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल, गर्भनिरोधक गोळ्या, मेनोपॉजच्या हॉर्मोनच्या गोळ्या, सांधेदुखीसाठी स्टेरॉइड, कुठलीही आयुर्वेदिक पावडर, जे घेत असाल ते सगळं सर्जनसमोर ठेवा.

प्रश्न: मी १९ वर्षांची आहे, लातूरला कॉलेजला. माझी एक बाजू दुसरीपेक्षा खाली आहे आणि दोन्ही थोड्या ओघळलेल्या वाटतात. घरी लग्नाचं बोलतायत. मला भीती वाटते की नवऱ्याला आवडलं नाही तर. आईला न सांगता करता येईल का?

बाळा, कायद्याने तू १८ पूर्ण आहेस, सही तुझी चालते, पण मी हे ऑपरेशन आज करणार नाही आणि दुसऱ्या कोणी केलं तर मला वाईट वाटेल.

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेली बाई मी माझ्या प्रॅक्टिसमध्ये बघितलेली नाही, थोडा फरक प्रत्येकीला असतो आणि तो फक्त तिलाच दिसत असतो. तू ज्याच्याशी तुलना करतेयस ते फोटो आहेत, उचलून धरणाऱ्या ब्रामधले, लाइट लावून काढलेले, फिल्टर मारलेले. तरुण मुलींची छाती मुळातच वेगवेगळ्या आकाराची असते, काहींची पहिल्यापासून थोडी खाली असते, तो आजार नाही. तुझ्या वयात आकार अजून थोडा बदलू शकतो, पुढे मुलं होतील तेव्हा तर बदलणारच, आणि लिफ्टच्या खुणा तुला पुढची साठ वर्षं सांभाळायच्या आहेत. ज्या नवऱ्याच्या भीतीने तू हे करणार त्याला ओघळ दिसायच्या आधी त्या खुणा दिसतील, हा विचार केलायस का?

फरक खूप मोठा असेल, म्हणजे दोन वेगवेगळ्या कपची ब्रा लागेल एवढा, किंवा वजनाने खांद्यावर पट्ट्यांचे खड्डे पडतायत, मान दुखतेय, तर तो वेगळा विषय आहे, त्याची ऑपरेशनं वेगळी आहेत आणि त्यासाठी सरकारी मेडिकल कॉलेजच्या प्लास्टिक सर्जरी विभागात आईला घेऊन जाऊन दाखव. नुसतं दाखवायला काहीच हरकत नाही.

आणि दिवसातून किती वेळा आरशात बघतेस, कॉलेजला जायचं टाळतेस का, ओढणीशिवाय बाहेर पडता येत नाही असं होतं का, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचार. उत्तर हो असेल तर आधी काउन्सेलरशी बोल. शरीराच्या एका गोष्टीवर मन असं अडकून बसतं तेव्हा ऑपरेशनने ते सुटत नाही, दुसऱ्या गोष्टीवर जाऊन बसतं, हे मी पुन्हापुन्हा बघितलंय. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: वय ४०, कोल्हापूर. मला स्वतःला काही वाटत नाही पण मिस्टर सारखे म्हणतात करून घे, पैसे मी देतो. त्यांचं बाहेर काहीतरी चालू आहे असा मला संशय आहे. केलं तर संसार सावरेल का?

नाही सावरणार ताई. 'मला स्वतःला काही वाटत नाही' हे तुम्ही पहिल्याच वाक्यात लिहिलंय, तिथेच उत्तर आहे. भूल तुम्ही घेणार, टाके तुम्हाला पडणार, निपलची संवेदना गेली तर तुमची जाणार. कोणाला धरून ठेवायला केलेल्या ऑपरेशननंतर बायका माझ्यासमोर बसून रडलेल्या आहेत, छाती छान झालेली असते आणि माणूस तरीही गेलेला असतो. घटस्फोट, घरातलं मरण, नोकरी जाणं, असं काही ताजं चालू असेल तरीही मी सहा महिने-वर्ष थांबायलाच सांगते. तुमच्या जागी मी माहेरच्या विश्वासाच्या माणसाशी आणि एखाद्या मॅरेज काउन्सेलरशी बोलेन. आणि चांगली सर्जन तुम्हाला एकटीला आत बोलवून विचारतेच की हे नक्की कोणाला हवंय. तिथे खरं सांगा, तिने नाही म्हटलं तर ते घरी सांगायला सोपं पडतं, 'डॉक्टर नाही म्हणाल्या'.

प्रश्न: मी ४३, दुबईला असते. मिश्री-सिगारेट नाही, शुगर-बीपी नाही, दोन मुलं मोठी, वजन तीन वर्षं तेच, मॅमोग्राफी नॉर्मल. गणपतीत १५ दिवस पुण्याला येते त्यात करून घ्यायचं आहे. पॅकेजमध्ये लगेच डेट मिळतेय, ५०% आधी भरायचे आहेत. इन्शुरन्समध्ये बसेल का?

बाकी सगळं तुमच्या बाजूने आहे, फक्त १५ दिवस चुकतायत. ऑपरेशननंतर घरी एक-दोन दिवसांत जाता येतं हे खरं, पण टाके उकलणं, इन्फेक्शन, कडेची कातडी काळी पडणं हे बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळतं, तेव्हा तुम्ही विमानात असाल आणि तिथला डॉक्टर दुसऱ्याचं ऑपरेशन हातात घ्यायला का-कू करेल. लांब बसून प्रवास केला की पायात गुठळी व्हायचा धोका असतो तो वेगळाच, आणि केबिन बॅग वर ठेवायला हात उंचवावे लागतात. त्यात गणपती, घर पाहुण्यांनी भरलेलं, मोदकांना उभं राहायचं, कोणी तुम्हाला निजू देणार नाही.

चार ते पाच आठवडे सलग मिळतील अशी सुट्टी काढा. त्याआधी व्हिडिओवर नाही तर प्रत्यक्ष भेटून तपासणी व्हायला हवी, ती मात्र या गणपतीत करा, दोन वेगवेगळ्या सर्जनना भेटा. एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी बघा, 'कॉस्मेटिक एक्सपर्ट' हे पाटीवरचे शब्द आहेत, पदवी नाही. ऑपरेशन कुठल्या हॉस्पिटलमध्ये, भूल कोण देणार, रात्री काही झालं तर कोण येणार, आणि परत काही दुरुस्ती लागली तर खर्च कोणाचा, हे लिहून घ्या. ॲडव्हान्स आत्ता भरू नका, आज भरलं तरच डिस्काउंट असं सांगणाऱ्या ठिकाणी तर अजिबात नाही. आपल्याकडच्या हेल्थ पॉलिसीत दिसण्यासाठी केलेली सर्जरी बसत नाही, आणि अशा सर्जरीवर १८% जीएसटी लागतो, तो पॅकेजच्या आकड्यात धरलाय का ते विचारा. तुमच्या तिकडच्या पॉलिसीला एक मेल टाकून बघा, पण फार आशा ठेवू नका.